बडोद्याची गायनशाळा

गवयाची विद्या एके काळीं घरांत कुलुपबंद असे. वर्षानुवर्षें सेवा करावी, तेव्हां उस्तादांच्या मर्जीनें एखादी चीज पदरांत पडावी! मौलाबक्ष यांस तरुणपणीं एका उस्तादांनीं शिकविण्याचें नाकारलें. तेव्हां दरवानाशीं स्नेह जोडून त्यांनीं रोज रात्रीं बाहेरूनच ती गायकी ऐकून आत्मसात् केली, अशी आख्यायिका आहे. अशाच गृहस्थाच्या हातीं सयाजीराव महाराजांनीं १८८६ सालीं बडोद्याची गायनशाळा सोंपविली. मौलाबक्षांनीं स्वरलेखनाची पद्धति सिद्ध केली, क्रमिक पुस्तकें रचिलीं. गवयाच्या घरीं न जन्मलेल्या मुलासहि वर्गांत बसून गाणें शिकतां येऊं लागलें. मींड व गमक कागदावर पुरतीं उतरत नाहींत, हा जुन्या मंडळींचा आक्षेप खोटा नव्हता. पण कुलूप निघालें, हें कांहीं थोडें नव्हे.

१९४९ सालीं महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालें व ही शाळा त्यांत सामावली. पुढें नृत्य आणि नाट्य हेहि तेथें पदवीचे विषय झाले. महाराजांच्या विवाहसंबंधामुळें तंजावरच्या नर्तकी बडोदें दरबारीं आल्या होत्या. त्यांपैकीं एकीचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर हे विद्यापीठांत भरतनाट्याचे शिक्षक झाले. मातोश्री ज्या नृत्यासाठीं दरबारांत उभ्या राहत, त्याच नृत्याच्या वर्गांत आतां हजेरी घेतली जाऊं लागली.