‘ब्रह्मचारी’ (१९३८): व्रतभंगाची हसरी गोष्ट

१/ १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ने मराठी पडद्याला वाचा दिली. आरंभीच्या बोलपटांवर पुराणकथांचा आणि संतचरित्रांचा प्रभाव होता. तिथे प्रेम होते, पण ते बहुधा त्यागाच्या किंवा पातिव्रत्याच्या कसोटीला लागलेले. प्रेमाकडे हसून पाहणारा मराठी बोलपट अजून यायचा होता.

२/ मूकपटाचा विनोद प्रामुख्याने घसरण्या-धडपडण्याचा. शब्दाला शब्द भिडवणारी लाडिक भांडणे कानावर पडल्याशिवाय रंगत नाहीत. ध्वनी आल्यावर हॉलिवूडमध्ये ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) सारखे चित्रपट निघाले, ते याच बळावर.

३/ मराठीत हे बळ रंगभूमीवरून आले. ‘साष्टांग नमस्कार’ (१९३३) या नाटकाने आचार्य अत्रे विनोदी नाटककार म्हणून गाजले होते. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांच्या ‘हंस पिक्चर्स’साठी त्यांनी ‘ब्रह्मचारी’ लिहिला. दिग्दर्शक आणि नायक विनायकच.

४/ कथा साधी. ब्रह्मचर्यावरील व्याख्यानाने भारावलेला औदुंबर जमवलेली नटींची चित्रे टाकून देतो आणि आश्रमवजा संस्थेत दाखल होतो. तेवढ्यात समोर येते किशोरी, आणि व्रताची परीक्षा सुरू होते.

५/ किशोरी झालेल्या मीनाक्षी शिरोडकर यांचा हा पहिलाच चित्रपट. पोहण्याच्या पोशाखातील त्यांच्या गाण्याने खळबळ उडाली, गर्दीही लोटली. चर्चा पोशाखाची झाली. खरे धाडस मात्र कथेत होते. इथे पुढाकार स्त्रीचा आहे.

६/ मेनका आणि विश्वामित्राची कथा प्रेक्षकांना पाठ होती. त्या कथेत तपोभंग म्हणजे अधःपात. अत्र्यांनी तोच साचा उलटा केला: इथे हसू येते ते मोहाचे नव्हे, तर मोह नाकारणाऱ्या आविर्भावाचे. ब्रह्मचर्य आणि देशसेवा यांची सांगड आदराने घातली जाण्याच्या त्या काळात ही थट्टा सोपी नव्हती.

७/ मराठीबरोबर हिंदीतही निघालेला हा चित्रपट गाजला. दोनच वर्षांनी विनायकांनी चिं. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना ‘लग्न पहावे करून’ (१९४०) मध्ये पडद्यावर आणले. मध्यमवर्गीय घरातील लग्नाची खटपट आता चित्रपटाचा विषय झाली होती. देवादिकांच्या पडद्यावर साध्या माणसाच्या प्रेमाला आणि फजितीला हक्काची जागा मिळाली, ती अशी हसत-हसत.