वेबसाइटचे पैसे थकले तर काय करावे?
वेबसाइट बनवून दिली, पण ग्राहक बिलाला उत्तरच देत नाही. अशा वेळी ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु व्यावसायिकाला २००६ च्या एमएसएमईडी कायद्याचा आधार असतो.

मुदत: लेखी करार असल्यास काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवस, नसल्यास १५ दिवस.

व्याज: त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ.

तक्रार: राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन करता येते. तेथे आधी तडजोडीचा प्रयत्न, नंतर लवाद होतो.

नोंदणी काम घेण्यापूर्वीच करावी. वर्क ऑर्डर, इनव्हॉइस आणि काम मिळाल्याचा ग्राहकाचा ईमेल जपून ठेवावा. दावा त्यावरच उभा राहतो. नोंदणी नसल्यास वकिलामार्फत नोटीस देऊन साधारणतः ३ वर्षांच्या आत दिवाणी दावा करता येतो.