जलपर्णी : एका शोभेच्या फुलाचा इतिहास

तलाव म्हणजे केवळ पाण्याचा सांठा नव्हे. कांठावरचीं लव्हाळीं व पाणकणसें वाहून येणारा गाळ अडवितात; कमळें तळाशीं मूळ धरून पृष्ठभागावर पानें पसरतात; आणि पाण्याच्या पोटांत वाढणाऱ्या वनस्पति सूर्यप्रकाशांत प्राणवायु सोडून मासे जगवितात. माशांच्या पिलांना आसरा देणें, पक्ष्यांना अन्न पुरविणें आणि पाण्यांतील क्षार शोषून घेणें, हीं कामें हा हिरवा संसार निमूटपणें करीत असतो. यांतील प्रत्येक वनस्पतीला तिच्या ठिकाणीं कांहीं मर्यादा असते. ती मर्यादा सुटली म्हणजे काय होतें, हें जलपर्णीच्या इतिहासावरून चांगलें ध्यानांत येतें.

जलपर्णीचें माहेर दक्षिण अमेरिकेंतील अॅमेझॉन नदीचें खोरें. १८१७ ते १८२० या काळांत ब्राझीलमध्यें संचार करणारा जर्मन शास्त्रज्ञ मार्टियुस यानें तिचें शास्त्रीय वर्णन केलें. फुगीर देठांत हवा भरलेली असल्यामुळें ती तरंगते, आणि जांभळ्या फुलांचा तिचा तुरा मोठा मनोहर दिसतो. माहेरीं मात्र तिच्यावर धाक असतो. नदी दरवर्षीं चढते व उतरते, तेव्हां पुष्कळशी जलपर्णी कोरड्यांत पडून मरते. मॅनाटी नांवाचा जलचर तिच्यावर चरतो; सोंडेसारखें तोंड असलेले लहानसे भुंगे तिचीं पानें व देठ पोखरतात. तिच्या लोंबत्या मुळांत माशांचीं पिलें सुखानें वाढतात. तेथें ती कोणाची वैरीण नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बागांच्या शौकिनांनीं हें फूल देशोदेशीं नेलें. फूल गेलें, त्याच्यावर चरणारे मागें राहिले. अनुकूल हवेंत जलपर्णी सुमारें दोन आठवड्यांत दुप्पट होते. म्हणजे दहा रोपांचीं पांच महिन्यांत दहा हजार! अमेरिकेंत फ्लॉरिडामधील सेंट जॉन्स नदी तिनें झांकून टाकली, आणि १८९९ सालीं तेथील काँग्रेसला ती काढण्यासाठीं कायद्यानें तरतूद करावी लागली. १९१० सालीं ब्रूसार्ड नांवाच्या प्रतिनिधीनें तर जलपर्णी खाण्यासाठीं आफ्रिकेंतून पाणघोडे आणावे असें विधेयक मांडलें. तें संमत झालें नाहीं, हें सुदैवच म्हणावयाचें.

सर्वांत मोठा घाव बसला तो बंगालला. पूर्व बंगालचें जीवनच पाण्यावरचें. पुराबरोबर येणारे जलपर्णीचे तराफे उभ्या भाताला आडवें करूं लागले, खाड्यांतून नावा हालेनात, मासेमारी बसली, साचल्या पाण्यांत डांसांना आश्रय मिळाला. पहिल्या महायुद्धाच्या काळांत हें जर्मनांचें कारस्थान असावें असा समज पसरला, आणि लोक तिला ‘जर्मन पाना’ म्हणूं लागले. १९२१ सालीं सरकारनें जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. १९३६ सालीं बंगालमध्यें खास कायदा झाला, आणि आपल्या जागेंतील जलपर्णी नष्ट करणें हें ज्याचें त्याचें कर्तव्य ठरलें. १९३७ च्या निवडणुकींत जलपर्णीचें उच्चाटन हें पक्षांच्या आश्वासनांत सामील होतें, आणि निवडून आलेल्या फझलुल हक यांच्या मंत्रिमंडळानें मोहीमहि काढली. एका तरंगत्या तणानें राजकारणांत असें स्थान मिळविल्याचें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल. मोहिमांनीं लाखों हात राबले. पण बीं तळच्या गाळांत वर्षानुवर्षें जिवंत राहतें, आणि उरलेलें एक रोपहि पुरेसें असतें.

पुढें शास्त्रज्ञांनीं माहेरचे भुंगेच बोलाविले. १९८२ सालीं ते बंगळूर येथें आणून तपासण्यांत आले, आणि नंतर सोडण्यांत आले. आफ्रिकेंतील व्हिक्टोरिया सरोवरांत १९९५ पासून भुंगे सोडल्यावर कांहीं वर्षांतच जलपर्णी पुष्कळ ओसरली. परंतु केनियाच्या बाजूच्या आखातांत ती पुनः पुनः उफाळून येते. कारण उघड आहे. शहरांचें सांडपाणी आणि शेतांतून वाहून आलेलें खत पाण्यांत उतरतें, तोंवर जलपर्णीला मेजवानीच असते.

पुण्याची मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी आणि कोल्हापूरची पंचगंगा यांच्या पात्रांत जलपर्णी हिरवा गालिचा अंथरते, तेव्हां हाच इतिहास आपल्या दाराशीं येऊन उभा राहतो. तिच्याखालीं प्रकाश जात नाहीं; बुडालेल्या उपयुक्त वनस्पति मरतात; ती स्वतः कुजूं लागली म्हणजे प्राणवायु संपून मासे तडफडतात. यंत्रानें ती काढावयाची, आणि पुढल्या उन्हाळ्यांत पुनः काढावयाची, हा क्रम सुटत नाहीं.

बांगलादेशाच्या पाणथळ भागांत मात्र शेतकरी याच वनस्पतीचे थर रचून त्यांवर भाजी व रोपें पिकवितात. या तरंगत्या शेतीला २०१५ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें जागतिक कृषि-वारशाचा मान दिला. शत्रूला कामाला लावण्याची ही युक्ति वाखाणण्यासारखी खरी. पण तीहि मूळ रोगावरचा उपाय नव्हे. जलपर्णी पाण्यांत मिसळलेल्या घाणीचा हिशेब पृष्ठभागावर मांडून दाखविते. तो हिशेब पुसून टाकल्यानें देणें फिटत नाहीं. नदींत जाणारी घाण थांबविल्यानेंच तें फिटेल.