तळटीप : ‘याकोब’ आणि ‘मिशन’

* तलवाड्यावरील या प्रकरणात ‘याकोब’ दोनदा येतो, माणसे निराळी. जुन्या करारातला याकोब इसहाकाचा मुलगा, इंग्रजीतला जेकब. नव्या करारातला याकोब येशूचा शिष्य. इंग्रजी नामकोशात तो ‘जेम्स’खाली सापडतो. मराठी बायबलने दोघांना एकच नाव ठेवले, आणि मुळाला धरून तेच रास्त. एकाच नावाची रूपे अशी निराळी होतात; योसेफाचा गोव्यात पोर्तुगीज वळणाने ‘जुझे’ होतो. त्यावरून घराणे कॅथलिक असल्याचा अंदाज बांधता येतो, खात्री नव्हे.

‘मिशन’ या शब्दावर मात्र भिस्त ठेवू नये. तलवाडा (ता. गेवराई) १९४८पर्यंत निजामाच्या मुलखात होते. पश्चिमेला नगरात १८३१पासून अमेरिकन मराठी मिशन, पुढे अँग्लिकनही. उत्तरेला जालन्यात नारायण शेषाद्री यांचे स्कॉटिश फ्री चर्च. लोकांच्या तोंडी सगळेच ‘मिशन’! या परंपरांतल्या मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त आल्या, अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले. त्यामुळे आपल्या आजोबांचा पंथ शोधायचा तर १९७०पूर्वीचा पंथकोश पाहावा. — संपा.