बाळगोळी : तान्ह्या बाळाची झोप आणि गिरणीचे घड्याळ

#थ्रेड

१/ तान्ह्या बाळाच्या झोपेला इतिहास असतो का? झोप निसर्गाची आणि इतिहास माणसांचा, असे वरवर वाटते. परंतु शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात बाळ झोपून राहावे म्हणून त्याला अफू दिली जात असे. त्या अफूच्या गोळीला नाव होते ‘बाळगोळी’. ही कहाणी त्या गोळीची, आणि ती देणे जिला भाग पडले त्या आईची.

२/ आधी निसर्गाचा नियम पाहू. नवजात बाळ दिवसाकाठी साधारण १४ ते १७ तास झोपते, पण सलग नव्हे. त्याचे पोट इवलेसे असते, त्यामुळे दर दोन-तीन तासांनी भूक त्याला जागे करते. दिवस आणि रात्र यांतला फरक शरीराला कळू लागण्यासच दोन-तीन महिने जातात. हे जागणे म्हणजे आजार नव्हे आणि खोडही नव्हे. ती जगण्याची धडपड आहे.

३/ आमच्या पारशिवनीकडे धानाच्या रोवण्याला जाणारी बाई तान्हे लेकरू सोबत नेई. धुऱ्यावरच्या झाडाला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, लेकरू रडले की चिखलातून वर येऊन त्याला पाजायचे आणि पुन्हा बांधीत उतरायचे, असे आजी सांगते. कष्ट अपार होते, त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण बाळ आणि आई एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होती.

४/ गिरणीने हे अंतर वाढवले. मुंबईत १८५० च्या दशकात कापडगिरण्या उभ्या राहिल्या. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. कापसाच्या प्रदेशात आता यंत्राचे घड्याळ आले, आणि यंत्र कोणाच्या बाळासाठी थांबत नसे.

५/ १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने स्त्रियांच्या कामाला दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली. ही सुधारणा होती, हे लक्षात घ्या! आता हिशेब करा. दर दोन-तीन तासांनी जागे होणारे बाळ ११ तासांत किमान चार वेळा दूध मागणार. कायद्याने मिळणारी विश्रांती दिवसाकाठी अवघी दीड तास. दोन्ही घड्याळे जुळणे अशक्यच होते.

६/ मग बाळाचेच घड्याळ बदलण्यात आले. अफू तेव्हा परवानाधारक दुकानांत उघडपणे मिळे. सकाळी गोळी दिली की बाळ दिवसभर गुंगीत राही. मात्र अफू भूकही मारते आणि श्वासही मंदावते. ‘शांत’ दिसणारे मूल कित्येकदा उपाशी असे.

७/ मुंबईतील कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी केली. १९२२ साली सरकारी ‘लेबर गॅझेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार या स्त्रियांच्या सुमारे ९८ टक्के बाळांना अफू दिली जात होती. म्हणजे हा काही आयांचा अपवाद नव्हता. तो वस्तीचा रिवाजच होता.

८/ याच सुमाराचा आणखी एक आकडा नेहमी सांगितला जातो : १९२१ साली मुंबईत दर हजार जन्मांमागे ६६६ अर्भकमृत्यू. येथे सावध राहायला हवे. अनेक स्त्रिया बाळंतपणाला गावी जात. जन्म तिकडे नोंदला जाई आणि मृत्यू शहरात, त्यामुळे प्रमाण फुगे. शिवाय या मृत्यूंमागे कोंदट खोल्या, दूषित पाणी आणि साथीचे रोग अशी कारणेही होती. सारे खापर अफूवर फोडता येत नाही.

९/ ‘अडाणी आया’ हे तत्कालीन अधिकाऱ्यांचे आवडते स्पष्टीकरण. परंतु एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गिरणी-शहरांतही ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित औषध बाळांना सर्रास पाजले जात होते. देश, धर्म, भाषा वेगळ्या. समान होती ती गिरणी. दोष अज्ञानाचा असेलही, पण त्याआधी तो कामाच्या तासांचा होता.

१०/ म्हणूनच उत्तर कायद्यात शोधावे लागले. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबईत आणि १९३० मध्ये आपल्या मध्य प्रांतात असा कायदा झाला.

११/ पाळणाघराची वाटचाल याहून संथ. १९३४ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना कारखान्यांत मुलांसाठी खोली सक्तीची करण्याचा अधिकार दिला. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात ५० हून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर बंधनकारक झाले. १९७६ मध्ये ही मर्यादा ३० वर आली. शेत, वीटभट्टी, घरकाम येथील बाई मात्र या कलमाच्या बाहेरच राहिली.

१२/ ‘बाळ रात्रभर झोपते ना?’ हा प्रश्न आजही नव्या आईला पहिल्याच आठवड्यात विचारला जातो. बाळाची झोप शतकानुशतके तशीच आहे. तिला वेळ द्यायची तयारी कोणाची आहे, एवढेच काळागणिक बदलत गेले.

१३/ आपल्या आजी-पणजी कामाला जाताना तान्हे मूल कोणाजवळ ठेवत, हे एकदा घरी विचारून पाहा आणि येथे लिहा. या इतिहासाचा मोठा भाग अजून कागदावर आलेलाच नाही.