एक्स्पोझोम

गर्भधारणेपासून मृत्यूपर्यंत माणसाच्या शरीरावर होणाऱ्या पर्यावरणीय प्रभावांची एकत्रित बेरीज. कर्करोगाचे साथरोगतज्ज्ञ ख्रिस्तोफर वाइल्ड यांनी ही संकल्पना २००५ मध्ये मांडली. जनुकांचा नकाशा हाती आला, पण माणूस काय खातो, कोणत्या हवेत श्वास घेतो, कोणती रसायने हाताळतो, किती ताण सोसतो याचे मोजमाप मागेच राहिले होते. वाइल्ड यांचा आक्षेप नेमका हाच होता. जनुकसंच जन्मभर जवळपास तोच राहतो, एक्स्पोझोम मात्र सतत बदलतो. त्यामुळे त्याची संपूर्ण मोजणी आजही अशक्यप्राय आहे. रक्त-लघवीतील रसायनांचे मास स्पेक्ट्रोमीटरने केलेले विश्लेषण, अंगावर वागवायचे संवेदक, उपग्रहांवरून मिळणारी प्रदूषणाची माहिती ही त्याची साधने. दुधाच्या दातांच्या थरांतून तर जन्मापूर्वी शरीरात गेलेल्या शिशाचाही माग लागतो.

आयुष्याचा आरंभकाळ यात सर्वांत निर्णायक मानावा लागतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पडलेल्या दुष्काळात जी मुले आईच्या पोटात होती, त्यांच्या डीएनएवरील रासायनिक खुणा सहा दशकांनंतरही वेगळ्या आढळल्या. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास याच दिशेचा आहे. तेथील नवजात बालके वजनाने हलकी, पण तुलनेने जास्त चरबी असलेली निघाली. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात फोलेट जास्त आणि ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनरोध, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी स्थिती, सर्वाधिक दिसला. मधुमेहाचा प्रतिबंध चाळिशीत नव्हे, आईच्या आहारापासून सुरू व्हायला हवा, असे या पुराव्यावरून म्हणता येते.