डरायसची राणी आणि होळकरांची खासगी

इसवी सनापूर्वी 522 ते 486 या काळात इराणच्या तख्तावर असलेल्या सम्राट डरायसची कीर्ती बहुधा त्याच्या स्वाऱ्या, त्याचे राजमार्ग आणि बेहिस्तूनच्या कड्यावर कोरविलेला त्रिभाषी शिलालेख यांच्या आधारे सांगितली जाते. परंतु 1933-34 साली पर्सेपोलिसच्या तटबंदीत सापडलेल्या हजारो मृत्तिकापट्टिकांनी त्याच्या कारभाराची जी आतली बाजू उजेडात आणली, ती इंदूरच्या मराठी माणसास विशेष ओळखीची वाटावी. सायरसची कन्या आणि डरायसची आवडती राणी आर्टिस्टोन हिच्या स्वतंत्र जमिनी होत्या, त्यांवर कारभारी होते आणि त्यांच्या नावे सुटणाऱ्या हुकुमांवर तिची स्वतःची मुद्रा उमटत असे. राजाने तिला 100 मेंढ्या आणि सुमारे 2,000 लिटर द्राक्षासव देवविल्याची नोंदही त्या दप्तरात आहे. इराणी राण्यांच्या कमरपट्ट्याच्या खर्चासाठी गावेच्या गावे नेमून दिलेली असत, असे पुढे ग्रीक लेखकांनी लिहून ठेवले.

थोरल्या बाजीरावांनी 1734 साली सुभेदार मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांस स्वतंत्र जहागीर दिली, तेव्हापासून होळकरशाहीतही दौलत आणि खासगी असे दोन निराळे हिशेब सुरू झाले: दौलतीच्या वसुलावर फौज आणि मुलकी बंदोबस्त चालावा, खासगीवर मात्र राणीचा अखत्यार असावा. पर्सेपोलिसचा आणि इंदूरचा वंशवृक्ष एकच आहे असे मी म्हणत नाही; व्यवस्था सारखी असूनही तिचा विनियोग किती भिन्न होऊ शकतो, हे मला सांगावयाचे आहे.

इराणात जे उत्पन्न राणीच्या पंक्तीला आणि शृंगाराला जाई, तेच माळव्यात अहिल्याबाईंच्या हाती आल्यावर काशी, गया, सोमनाथ अशा, होळकरांच्या अमलाबाहेरच्या क्षेत्रांत मंदिरे, घाट आणि धर्मशाळा यांच्या रूपाने उभे राहिले. पती, सासरे आणि एकुलता पुत्र यांच्या निधनानंतर 1767 पासून 1795 पर्यंत महेश्वरी बसून राज्य चालविणाऱ्या या बाईंनी खासगीच्या द्रव्यावर तुळशीपत्र ठेवून ते धर्मार्थ संकल्पिले, अशी आख्यायिका आहे. आणि तिच्या शब्दांपेक्षा तिच्यातला विवेक मला थोर वाटतो, कारण ज्या पैशावर आपला निर्विवाद हक्क आहे तोच दान करावा, रयतेच्या वसुलाला त्यासाठी हात लावू नये, ही मर्यादा पाळणारे राज्यकर्ते कोणत्याही देशात विरळाच.

संस्थाने विलीन झाली तेव्हा खासगीची मिळकत मध्य भारत सरकारकडे गेली. परंतु तिच्या सरासरी उत्पन्नाइतकी, म्हणजे 2,91,952 रुपयांची रक्कम दरसाल या धर्मादायासाठी निरंतर काढून ठेवावी, असे त्या वेळी ठरले, आणि त्याच्या व्यवस्थेसाठी 1962 मध्ये विश्वस्त संस्था स्थापन झाली.